आबांनी कालवलेला सरस

शेठच्या शेडमध्ये शिरताना डाव्या हाताच्या भिंतीवर गेल्या दिवाळीत एक फ्रेम लागली. तिच्यात माझा फोटो होता. विमानाच्या पंखाशेजारी मी रंधा घेऊन उभा, चष्मा कपाळावर. खाली गुजरातीत आणि इंग्रजीत चार ओळी. तिसरी ओळ अशी होती, की आधीच्या कारागिराने सरस चुकीचा कालवल्यामुळे पंखाचा मुख्य सांधा निकामी झाला आणि मग या मिस्तरींनी तो एकट्याने नव्याने केला. ती ओळ खोटी होती. खरं काय घडलं ते अकरा वर्षं फक्त मला माहीत होतं. लिहायला बसलो ते एवढ्यासाठी. बाकी जे येईल ते ओघाने येईल, कारण त्या कामाबद्दल बोलायला लागलो की मला थांबवत नाही.

मी धुळ्याकडचा. सुरतेत आलो तेव्हा कतारगामच्या एका कारखान्यात मागाचे धोटे बनवायचो. धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणारी लाकडी नाव, पोटात बाण्याची, म्हणजे आडव्या सुताची, कांडी घेऊन. तिला एका बाजूला केसाएवढा जास्त घासा लागला तरी ती मागातून उडून कारागिराच्या तोंडावर बसते. तिथे माझ्या शेजारच्या बाकावर आबा होते. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, आमच्याच तालुक्याचे. घरी आणि बाकावर ते अहिराणीच बोलत आणि सगळे खानदेशी म्हणतात तसं मला ‘भो’, म्हणजे भाऊ, म्हणत. लाकूड हातात घेतलं की ते आधी त्याचा वास घेत, मग नखाने ओरखडत, आणि मग ते कुठे फाटणार हे सांगत. त्यात ते चुकलेले मी कधी पाहिले नाहीत.

पुढे बिनधोट्याचे माग आले आणि जुने माग भंगारात गेले. आबा इमारतींच्या चौकटी करू लागले, मी देव्हारे आणि शोकेस. देव्हाऱ्याचं काम म्हणजे सगळं पॉलिशवर. काचपेपर घेऊन घासत राहायचं, लाकडावर हात फिरवला तर रेशमासारखं लागेपर्यंत. या सवयीचं पुढे काय झालं ते सांगतोच.

शेठची कापडाची प्रोसेसिंग मिल होती. ती मुलाच्या हातात देऊन त्यांनी भेस्तानजवळ एक मोठी शेड घेतली आणि तिच्यात जुनी विमानं आणून ठेवली. दोन माणसं बसतील एवढी लहान, लाकडी पंखांची, कापडाने मढवलेली. आली तेव्हा ती विमानं नव्हतीच, खोक्यांत भरलेले सांगाडे होते. दुरुस्त करून, बाहेरगावच्या धावपट्टीवर नेऊन उडवायची, हा शेठचा नाद. त्यांनी दक्षिणेकडचे एक निवृत्त विमान इंजिनिअर आणले. त्यांना आम्ही साहेब म्हणायचो. आबांनी शेठच्या बंगल्याच्या चौकटी केल्या होत्या, म्हणून बोलावणं आबांना आलं, आणि आबांनी मला ओढलं.

पंखाच्या आत या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब लाकूड जातं. इंग्रजीत त्याला स्पार म्हणतात. आबांनी पहिल्याच दिवशी त्याला आढं म्हणून टाकलं आणि ते बरोबरच होतं. घराचं छप्पर आढ्यावर तसा पंख स्पारवर. त्याला आडव्या फळ्यांच्या बरगड्या, आणि वरून कापड. ते कापड परदेशातून यायचं. शेठ हसून म्हणायचे, “जुओ काका, सुरतमां बेसीने कापड बहारथी मंगावुं छुं. मारा बाप जोत तो मने काढी मूकत.” म्हणजे बापाने पाहिलं असतं तर घराबाहेर काढलं असतं.

स्पारचं लाकूडही बाहेरचंच, फिकट, हलकं, सरळ धाग्याचं. रंधा मारला की लांब फितीसारखी साल निघायची आणि शेडभर गोडसर वास पसरायचा. ते लाकूड निवडायला साहेबांनी आम्हाला एक युक्ती दाखवली. फळीवर शाईचा एक थेंब सोडायचा. शाई धाग्याच्या वाटेने पळते. ती फळीच्या कडेला समांतर पळाली तर फळी घ्यायची, तिरपी पळाली तर बाजूला. आबांना हे इतकं आवडलं की चहाच्या टपरीच्या बाकड्यावरही त्यांनी एकदा शाई सोडून पाहिली आणि टपरीवाल्याला सांगितलं, तुझं बाकडं दोन वर्षांत फाटेल.

जुन्या स्पारला चीर गेलेली असली, की तेवढा भाग कापून नवं लाकूड जोडायचं. जोड सरळ करत नाहीत. दोन्ही टोकं लांब उतारावर तासायची, इंचभर जाडीला बारा इंच उतार, आणि एकमेकांवर चढवून सरसाने चिकटवायची. सरस दोन डब्यांतून येतो, एकात दाट लालसर रस, दुसऱ्यात पूड. काट्यावर तोलून कालवायचा. कालवला की घड्याळ सुरू. शिवाय प्रत्येक वेळी त्याच वाटीतल्या सरसाने दोन टाकाऊ तुकडे चिकटवून ठेवायचे. तो नमुना. सरस वाळला की नमुना शिकंज्यात धरायचा, सांध्यावर पटाशी ठेवायची आणि ठोकायचा. लाकूड फाटलं तर सरस चांगला. सरसाच्या रेषेवर सुटला तर सरस वाईट, आणि सगळा सांधा कापून टाकायचा.

आणखी एक नियम होता. उतार रंध्यानेच तासायचा आणि तसाच ठेवायचा. काचपेपर लावायचा नाही. घासलं की बारीक भुकटी लाकडाच्या छिद्रांत बसते आणि सरसाला आत शिरायला वाट राहत नाही. साहेबांनी हे शंभरदा सांगितलं होतं. मला ते कानाने कळत होतं, हाताने कळत नव्हतं. रंध्याच्या पात्याच्या पुसट रेघा त्या लाकडावर दिसायच्या आणि मला ते काम अर्धवट वाटायचं.

पहिल्या पंखाचा मुख्य सांधा करायचा होता त्या दिवशी आबांना संध्याकाळच्या गाडीने भाचीच्या लग्नाला गावी जायचं होतं. उतार त्यांनीच तासले, नमुन्याचे तुकडेही त्यांनीच. मग ते काट्याजवळ सरस तोलायला गेले. मी उतारापाशी एकटाच होतो. खिशात काचपेपरचा घासून गुळगुळीत झालेला तुकडा असायचाच. दोन्ही तोंडांवर मी तो चार-चार हात फिरवला. फुंकर मारली, फडक्याने पुसलं. लाकूड चमकलं आणि मला बरं वाटलं. आबा वाटी घेऊन आले, हात सरसाने भरलेले, म्हणाले, “लाव लवकर, भो. घडी पळी राहिनी.” मी सरस लावला, शिकंजे आवळले. उरलेल्या सरसाने नमुना केला. आबा हात धुऊन स्टेशनला गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी नमुना ठोकला. तो लाकडातून फाटला, अगदी पुस्तकात दाखवावा तसा. मी तो शर्टाच्या खिशात टाकला, साहेबांना दाखवायला. पण साहेब आले ते थेट वजन ठेवायला. त्यांची ती स्वतःची सवय होती, स्पार दोन लाकडी घोड्यांवर ठेवून मधे वाळूच्या गोण्या रचायच्या. पाचव्या गोणीला कागद फाडल्यासारखा आवाज आला आणि सांधा उघडला. एका तोंडावर सरसाचा चकचकीत थर, दुसरं तोंड कोरडं. पाहताक्षणी मला कळलं.

साहेब म्हणाले, “ग्लू का मिक्सिंग गलत है. सॅम्पल कहां है?”

नमुना माझ्या छातीवर, खिशात होता. मी म्हणालो, “सॅम्पल नहीं बनाया, साहब. उनको गाडी पकडनी थी.”

एवढंच बोललो. आधी ठरवून नाही, पण बोललो. साहेबांनी रजिस्टरमध्ये लिहिलं की सरसाचं मिश्रण सदोष, नमुना ठेवला नाही, आणि समोर आबांचं नाव.

आबा चार दिवसांनी आले ते साहेबांसाठी गावाहून बिबडे, ज्वारीचे पापड, घेऊन. शेठ त्यांना गोडच बोलले, “आबा, हवे थोडो आराम करो.” आबांना आधी कळलंच नाही की काम गेलं. मग रजिस्टरमधली नोंद ऐकून ते नळावर माझ्याजवळ आले.

“नमुनानं काय झालं रे? मी तर तुले उरेल सरस दिला व्हता.”

“साहेबांना सापडला नाही, आबा,” मी म्हणालो आणि हात धूत राहिलो. हात स्वच्छच होते.

ते बिबड्यांची पिशवी माझ्या बाकावर ठेवून गेले.

पुढची अकरा वर्षं माझी चांगली गेली, हेही खरं लिहिलं पाहिजे. त्या कामात मला जे सुख मिळालं ते देव्हाऱ्यांत कधी मिळालं नाही. पावसाळ्यात हवेत ओल म्हणून सरसाचं काम बंद असायचं, तेव्हा जुने स्पार तपासायचे. बॅटरी आडवी धरून इंच इंच बघायचं, कुठे केसासारखी आडवी रेघ दिसते का. दिवसचे दिवस त्यात जायचे आणि कंटाळा यायचा नाही. माझ्या हातच्या पंखांवर तीन विमानं उडाली. शेठनी एकदा मला वर नेलं. खाली तापी दिसत होती, पण मी सगळा वेळ पंखाकडेच बघत होतो. रात्री झोपही लागायची. फक्त कोणी “आबा कुठे असतात हल्ली?” असं विचारलं की मी म्हणायचो, इथेच सुरतेत, कोसाडला, मजेत. खरं तर मी एकदाही गेलो नव्हतो.

मग ती फ्रेम लागली. दिवाळीत शेठनी सगळ्यांना घरच्या मंडळींसकट बोलावलं होतं. शेठच्या सुनेने चार ओळी कौतुकाने वाचून दाखवल्या, टाळ्या झाल्या, पेढे झाले. परत येताना रिक्षात माझी बायको म्हणाली, “आधीचा कारागीर म्हणजे आबाच ना?”

“हो.”

“आपल्या घराची चौकट आबांनी बसवली. अजून दार कुरकुरत नाही. ते सरस चुकवतील?”

मी रिक्षातून दुकानांच्या पाट्या वाचू लागलो.

“पाट्या काय वाचता?” ती म्हणाली. घरी आल्यावर मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मला सांगून काय उपयोग.”

तो फाटलेला नमुना मी टाकला नव्हता. का, ते सांगता येणार नाही. हत्यारांच्या पेटीच्या तळाशी होता. तो रुमालात गुंडाळून मी कोसाडला गेलो. आबा तळमजल्यावरच्या खोलीच्या दारात बसून पाटाला पाय बसवत होते. केस पांढरे, पण पाठ तशीच ताठ.

“कसाले उना रे इतला दिवसनी? कोनी मरी गयं का?”

“नाही, आबा.”

“मंग लगननी पत्रिका व्हई. बठ.”

मी बसलो आणि सांगून टाकलं. मधे थांबलो असतो तर पुन्हा जमलं नसतं. आबांनी हातातला पाट खाली ठेवला नाही. बराच वेळ पाय घट्ट बसतो का ते हलवून पाहत होते. मग त्यांनी विचारलं,

“काचपेपर नवा व्हता का जुना?”

“जुना. घासलेला.”

“म्हंजे आजून वाईट. भुकटी आजून बारीक पडस. दोन्ही तोंडांवर?”

“दोन्ही.”

“आनि नमुना?”

मी रुमाल सोडला. त्यांनी तुकडा घेतला, उजेडाकडे धरला, फाटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. एका बाजूच्या लाकडाच्या कपच्या दुसऱ्या बाजूला चिकटून आल्या होत्या.

“सरस चांगला व्हता,” ते म्हणाले. मला नाही, स्वतःला. मग, “माले वाटे, काटा वाचाना चुकनू मी. डोळा कमजोर व्हयनात आसं वाटे. तईपासून मी कोनताच सरस तोलत नही. हातखालना पोऱ्याले सांगस, तू तोल.”

मला वाटत होतं मी त्यांचं काम घेतलं. ते तर त्यांना दुसरीकडे मिळालंच होतं. अकरा वर्षं हा माणूस स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा न ठेवता जगला, हे मला तिथे बसल्यावर कळलं. मी हात जोडले. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलंसुद्धा नाही.

“माले नको सांगू. तिले सांग,” ते म्हणाले आणि आत हाक मारली.

वहिनी बाहेर आल्या. त्यांचं माहेर बुलढाण्याचं, बोली निराळी. मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा ते जास्त जड गेलं, कारण आबा मधे मधे दुरुस्ती करत होते. “गाडी साडेसातनी व्हती, सातनी नही.” वहिनी भिंतीला टेकून ऐकत होत्या.

“म्हंजे यायची चूक नव्हती,” त्या म्हणाल्या.

“नाही, वहिनी.”

“अकरा वर्सं म्या यायले टोमणे मारले, भाऊजी. भाजीत मीठ जास्त झालं तरी मी म्हनो, म्या निदान विमान तं पाडलं नाई. ते आता कोन वापस घेईन? तुमी घेता?”

आबा म्हणाले, “तुनं मीठ तरी जास्तच ऱ्हास.”

वहिनी हसल्या नाहीत, पण आत जाऊन चहा ठेवला. चहा झाल्यावर आबांनी अट सांगितली. साहेबांच्या पुस्तकात जे लिहिलं आहे ते बदललं पाहिजे. तोंडी नको, लेखी. आणि ते बदललेलं त्यांनी स्वतः पाहिलं पाहिजे. तोपर्यंत ते माझ्या घरी येणार नाहीत आणि मी त्यांच्या दारी जायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर उभा राहिलो. मला वाटलं होतं ते रागावतील किंवा शेठला बोलावतील. त्यांनी नमुना भिंगाखाली पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो मला सुचलाच नव्हता.

“उसके बाद कभी सँडपेपर लगाया? किसी भी जॉइंट पे?”

“नहीं, साहब. एक पे भी नहीं.”

“तुम्हारी बात मैं कैसे मानूं, मिस्तरी?”

त्यांनी तीनही विमानांचं उडणं थांबवलं. माझ्या हातच्या प्रत्येक सांध्यावरचं कापड चौकोनात कापून उघडायचं, सांधा तपासायचा, पुन्हा कापड लावायचं. तीन आठवडे लागले. मी ते काम मान खाली घालून केलं, आणि खोटं कशाला लिहू, मनातून खूश होऊन केलं. प्रत्येक सांधा घट्ट निघाला. साहेबांनी नंतरच्या सगळ्या सांध्यांचे नमुने स्वतः ठोकले होते आणि जपून ठेवले होते, तेही काढून पाहिले. शेवटचा चौकोन बंद झाल्यावर ते म्हणाले, “मैंने भी जल्दी की थी. टूटी हुई सतह ठीक से देखनी चाहिए थी.” माझ्या समोर ते एवढंच बोलले. शेठ मात्र बरेच दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होते. त्यांचं बरोबर होतं.

रजिस्टरमधलं काही खोडरबराने पुसत नाहीत की पान फाडत नाहीत. जुनी नोंद वाचता येईल अशी तिच्यावर एकच रेघ मारायची आणि खाली खरं काय ते लिहून सही करायची. आबांना निरोप धाडून मी कोसाडच्या नाक्यावरून रिक्षाने आणलं, दारी न जाता. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. साहेबांनी रेघ मारली, खाली लिहिलं आणि हिंदीत वाचून दाखवलं. मिश्रण योग्य होतं, नमुना ठेवला होता आणि लाकडातून फाटला, सांध्याची तोंडं सहायकाने घासल्यामुळे सांधा सुटला. माझी सही झाली, साहेबांची झाली.

आबा म्हणाले, “सहायक लिख्या ना इसमें? बराबर. ये सहायकही था.” आणि मग म्हणाले, “झेरॉक्स मिलेगा?”

झेरॉक्स मिळाली. भेस्तानच्या दुकानात त्यांनी ती लॅमिनेट करून घेतली आणि परतीच्या वाटेवर आपल्या जावयाच्या घरी, त्यानेही ती गोष्ट ऐकली होती म्हणून, मला सोबत नेऊन दाखवली. जावई वाचत होता तोवर ते पंख्याखाली डोळे मिटून बसले होते.

फ्रेममधली तिसरी ओळ शेठच्या सुनेने बदलली. आता फोटोत आम्ही दोघं आहोत. आबा आठवड्यातून दोनदा येतात. लाकूड निवडतात, वास घेतात, शाई सोडतात. सरस तेच तोलतात, चष्मा न लावता, आणि मी काट्याकडे पाहिलं तर त्यांना राग येतो. कॉलेजची मुलं शेड पाहायला येतात तेव्हा सांध्याची हकीगत आबाच सांगतात, त्यांच्या हिंदीत, मी शेजारी उभा असताना. दर वेळी ती थोडी वाढते. गाडी साडेसातची होती हे सांगायला ते चुकत नाहीत. हल्ली ते असंही सांगतात, की मी कोसाडला त्यांच्या दारात ढसाढसा रडलो आणि वहिनींनी मला पाणी पाजलं. मुलं माझ्याकडे वळून बघतात. मी रंध्याचं पातं पुसत राहतो. मी रडलो नव्हतो, आणि वहिनींनी दिला तो चहा होता. तेवढं इथे लिहून ठेवतो. शेडमध्ये आबा सांगतात तसंच चालू द्यावं.